मचाणावरची पँट

अमेरिकेतल्या उत्तर विस्कॉन्सिनमध्ये नोव्हेंबरच्या शेवटाला मचाणावर बसलेला माणूस गारठतो तो आधी मांड्यांना. अंगात जाकीट असतं, त्याच्या आत लोकर असते, डोक्याला कानटोपी असते. सगळा खर्च आणि सगळी काळजी कमरेच्या वर झालेली असते. खाली बसलं की पँटचं कापड मांडीवर ताणून बसतं, कापड आणि कातडी यांच्यामधली हवा निघून जाते आणि वारा सरळ गुडघ्याच्या वाटीला लागतो. तासाभरात पाय बधिर होतात, मग कंबर काकडते, मग दंड, मग बोटं. शिकारीत शेवटचं काम बोटांचं असतं.

म्हणून पँटबद्दल लिहायचं आहे. सैन्यातून निघालेल्या जुन्या सॉफ्टशेल, म्हणजे वारा बराचसा अडवणाऱ्या मऊ कापडाच्या पँटबद्दल, जी घालून मी दर हिवाळ्यात हरणाच्या शिकारीला जाते.

आधी शिकारीचं सांगते, कारण मराठी घरात हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर संस्थानिकांचे वाघावर पाय ठेवून काढलेले फोटो येतात, नाहीतर पोलिसांनी पकडलेली टोळी. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचं दार बंद केलं आणि ते बंद झालं हे योग्यच झालं. विस्कॉन्सिनमधली गोष्ट वेगळी आहे. इथे पांढऱ्या शेपटीची हरणं भरपूर आहेत आणि त्यांना आवरणारे लांडगे बहुतेक फक्त उत्तरेच्या जंगलांत उरले आहेत. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी बंदुकीचा हंगाम उघडतो आणि नऊ दिवस चालतो. राज्यातले लाखो लोक परवाना काढतात. गावातली हॉटेलं पहाटे तीनला उघडतात, चर्चच्या तळघरात शिकाऱ्यांसाठी जेवणं होतात. 1 जानेवारी 1973 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पुरा केल्याशिवाय परवाना मिळत नाही, म्हणून मीही बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या शेजारी बसून तो पुरा केला. मिळालेलं मांस वर्षभर फ्रीझरमध्ये राहतं. हरणाच्या मटणाला चरबी फार कमी, त्यामुळे ते कोरडं पडतं; पण आईने कोल्हापूरहून पाठवलेला कांदा-लसूण मसाला आणि मंद आच यांनी ते जे काही होतं, ते खाल्ल्यावर आमच्याकडे कुणी बोकड मागत नाही.

मला शिकवलं ते आमच्या शेजाऱ्यांनी. सत्तरी कधीच ओलांडलेले शेतकरी आहेत. गाई विकून टाकल्या, शेत भाड्याने दिलं, पण शेताच्या कडेचं ओक आणि मेपलचं रान त्यांनी स्वतःकडे ठेवलं आहे. त्यांची पहिली शिकवण नेमबाजीची नव्हती. ते म्हणाले, "थंडीने अंग थरथरायला लागलं की ट्रिगरला हात लावायचा नाही. खाली उतरायचं, चालायचं. तरी थांबलं नाही तर घरी यायचं. हरीण समोर उभं असलं तरी."

कारण साधं आहे. गोळी लागायला हवी पुढच्या पायाच्या मागे, फुप्फुसांत. तिथे लागली तर जनावर काही सेकंदांत संपतं. तीच गोळी वीतभर मागे सरकली तर पोटात शिरते. मग ते हरीण रक्ताचा थेंबही न टाकता दाट झाडीत जाऊन पडतं आणि तासन् तास तडफडत राहतं. ही वीतभर चूक थरथरत्या हातातून होते, बधिर बोटातून होते, 'एकदाचं संपवू आणि शेकोटीपाशी जाऊ' या घाईतून होते. ऊबदार राहणं हे शिकाऱ्याचं हरणाशी असलेलं देणं आहे असं मी मानते. पँटकडे मी याच नजरेने बघते.

शिकाऱ्याच्या सकाळी दोन वेगवेगळी हवामानं असतात. अंधारात, बर्फातून, पाठीवर सामान आणि खांद्याला रायफल घेऊन मैलभर चालायचं. उणे दहा सेल्सियसलाही या चालण्याने पाठ भिजते. मग मचाणावर चढायचं आणि सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून पुढे तासन् तास हलायचं नाही. चालताना अंग तापतं, बसल्यावर ते शेगडी विझावी तसं निवतं. जाड, कापूस भरलेली डगळी पँट बसायला उत्तम. पण ती घालून चाललं की आत घाम कोंडतो आणि पुढचे चार तास तोच घाम माणसाला गारठवतो. पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं. ओल्या मांडीला वारा लागला की वर कितीही जाडजूड घाला, उपयोग शून्य.

इथल्या लोकांना हे पुस्तकातून कळलेलं नाही. 11 नोव्हेंबर 1940 हा पहिल्या महायुद्धाच्या युद्धबंदीचा दिवस होता, सुटी होती. सकाळी हवा इतकी कोवळी होती की मिसिसिपी नदीच्या पाणथळीत बदकांच्या शिकारीला गेलेले लोक पातळ जाकिटांवर, सुती कपड्यांवर निघाले. दुपारपर्यंत वारा फिरला, पाऊस आला, पावसाचा बर्फ झाला आणि पारा कोसळला. होड्या उलटल्या, लोक बेटांवर अडकले, भिजलेले कपडे अंगावरच गोठले. त्या वादळात अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेत दीडशेच्या आसपास माणसं गेली. एकट्या मिनेसोटात 49, आणि त्यांत बरेच शिकारी होते. नदीकाठच्या गावांत अजूनही म्हातारी माणसं नातवंडांना बदकांच्या शिकारीला पाठवताना त्या दिवसाचं नाव घेतात. शेजाऱ्यांच्या वडिलांचा एक मित्र त्या बेटांवरून परतला नाही. त्यांच्या घरात जीन्स घालून रानात जायला मनाई आहे, ती तेव्हापासून.

वडिलांच्या पिढीचं उत्तर लोकर होतं. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तीस टक्के ओल पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही, आणि तिचा आवाज होत नाही. ही लोकरही पुष्कळदा सैन्याचीच असे. कोरियन युद्धाच्या काळातल्या 1951 च्या नमुन्याच्या लोकरी पँटा पुढे सरप्लसच्या, म्हणजे सैन्याचा जादा माल विकणाऱ्या दुकानांत आल्या आणि या भागातल्या शेतकऱ्यांनी त्या गुडघ्यांना ठिगळं लावून लावून वापरल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या स्प्रिंगफील्ड रायफलीही अशाच सैन्यातून घराघरांत आल्या; दस्ते कापून, नळ्या आखूड करून त्या हरणांसाठी वापरल्या गेल्या. युद्धासाठी केलेली वस्तू शेतात वापरायची ही इथली जुनी रीत आहे. मला ती अनोळखी वाटली नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात लष्करी हॅवरसॅक आणि हिरवे हंटर शूज शोधत फिरलेल्या, सह्याद्रीत वाढलेल्या कुणालाही ती वाटणार नाही.

माझी पँट अशाच एका आर्मी सरप्लसच्या दुकानातली. मॅसॅच्युसेट्समधल्या नेटिक इथे अमेरिकी लष्कराचं कपड्यांवर संशोधन करणारं केंद्र आहे. 1980 च्या दशकापासून तिथे थंडीच्या कपड्यांची एक पद्धत घडत गेली आणि तिची तिसरी पिढी साधारण 2007 पासून सैनिकांना मिळू लागली. या पद्धतीत सात पायऱ्या आहेत. अंगालगतचा पातळ कपडा पहिली, मध्ये लोकरीसारखी फ्लीस, सहावी पावसाची, सातवी म्हणजे कृत्रिम पिसांनी भरलेलं फुगीर जाकीट आणि पँट. सॉफ्टशेल पाचवी. सैनिक चालतो, थांबतो, पुन्हा चालतो; बहुतेक वेळ तो पाचव्या पायरीत असावा अशी ही रचना आहे. थांबला की वरून सातवी चढवायची, निघाला की काढून पिशवीत कोंबायची. शिकाऱ्याची सकाळही याच दोन अवस्थांची असते, त्यामुळे वेगळं काही शोधायची गरजच उरली नाही.

कापड दाट विणीचं नायलॉन आहे, थोडं ताणलं जाणारं, आत कुठला प्लॅस्टिकचा पडदा नाही. वारा बराचसा अडतो, सगळा नाही. घामाची वाफ बाहेर जाते. भुरभुरणारा बर्फ झटकला की पडून जातो, आणि नवीन असताना पाण्याचा थेंब अळवाच्या पानावरून घरंगळावा तसा घरंगळतो. धो धो पावसात ती भिजते, आणि ते तिचं कामच नाही. पण खऱ्या थंडीत पाऊस नसतोच, कोरडा बर्फ असतो. पोटऱ्यांना बाजूने चेन आहे, त्यामुळे बूट न काढता घालता येते आणि चालताना उघडून वारा आत घेता येतो.

साइझचं खास सांगायला हवं. अमेरिकी सैन्य कमरेबरोबर उंचीचंही माप देतं: स्मॉल-शॉर्ट, मीडियम-रेग्युलर, लार्ज-लाँग. शिकारीच्या दुकानांत बायकांच्या पँटा असतात त्या मोजक्या, महाग आणि उंच बायकांसाठी कापलेल्या. पाच फूट दोन इंच उंचीच्या मराठी बाईला पायघोळ दुमडावं लागू नये अशी गरम पँट मला सरप्लसच्या ढिगात मिळाली, तीही तीस डॉलरच्या आत. नव्या शिकारी सॉफ्टशेलला दोनशेच्या पुढे मोजावे लागतात.

इतकी स्वस्त का, याचं उत्तर तिच्या रंगात आहे. 2004 मध्ये अमेरिकी लष्कराने राखाडी-हिरवट, बारीक चौकोनांचा एक नक्षीदार वेश स्वीकारला. वाळवंट, जंगल, शहर, सगळीकडे चालेल असा एकच. अफगाणिस्तानात तो चालला नाही. तपकिरी डोंगरात आणि हिरव्या खोऱ्यात सैनिक लांबून उठून दिसू लागले. 2010 मध्ये तिथल्या तुकड्यांना दुसरा वेश द्यावा लागला, 2014 मध्ये नवी नक्षी ठरली, आणि 1 ऑक्टोबर 2019 नंतर तो राखाडी वेश पूर्ण बंद झाला. उत्तम शिवलेले, काही तर घडी न मोडलेले कपडे निकालात निघाले. जिथे माणसांचे जीव लपायला हवे होते तिथे लपवू न शकलेली ही नक्षी पानगळीनंतरच्या विस्कॉन्सिनच्या रानात मात्र हरवून जाते. ओकची साल राखाडी, मेपलची राखाडी, आभाळ राखाडी, मध्ये बर्फाचे पट्टे. मचाणावर बसून खाली पायांकडे पाहते तेव्हा पाय कुठे संपतात आणि फांदी कुठे सुरू होते ते चटकन कळत नाही. आणि हे पाहताना, ज्यांना ही नक्षी उघड्या डोंगरावर घालावी लागली त्यांचा विचार आल्याशिवाय राहत नाही.

खरं तर हरणाला नक्षीशी फारसं देणंघेणं नसतं. त्याच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकू-पेशींचे दोनच प्रकार आहेत. लाल-केशरी त्याला वेगळा कळत नाही, निळा मात्र आपल्यापेक्षा चांगला कळतो. म्हणून कायद्याने सांगितलेला भडक केशरी माणसांना दिसतो आणि हरणाला फिका. विस्कॉन्सिनमध्ये कमरेच्या वरच्या कपड्यांचा निदान निम्मा भाग, आणि टोपी घातली तर तिचाही निम्मा, भडक केशरी किंवा गुलाबी असावा लागतो. कमरेखाली काय घालायचं यावर कायदा काही म्हणत नाही, म्हणूनच ही पँट चालते. जीन्स मात्र सुती आणि वर निळी, दोन्हीकडून वाईट. कपडे 'जास्त पांढरे' करणारी धुण्याची पावडरही टाळते, कारण तिच्यातली चकाकी निळ्या-जांभळ्या उजेडात उठून दिसते आणि तो उजेड हरणाला दिसतो.

आवाजाची बाजू नाजूक आहे. नायलॉन ते नायलॉनच. मांडीला मांडी घासली की सळसळ होते, आणि गोठलेल्या शांततेत ती आपल्यालाच मोठी ऐकू येते. पावसाच्या कडक कपड्यांपेक्षा ती खूप कमी, लोकरीपेक्षा नक्की जास्त. ज्याला पावलापावलाने रान चाळत शिकार करायची आहे त्याने लोकरच घालावी, असं मी बेधडक सांगेन. बसून वाट पाहणाऱ्याला सॉफ्टशेल पुरे. धुऊन धुऊन कापड मऊ पडतं तसा आवाजही उतरतो, म्हणून मला नव्यापेक्षा वापरलेली पँट जास्त आवडते.

वापरलेल्या पँटला आधीचा माणूस असतो. माझ्या पँटच्या आत, कमरपट्टीवर शाईने चार अक्षरं लिहिलेली आहेत, धुऊन पुसट झालेली. शेजारी लेबल आहे. लष्कराच्या साठ्यात प्रत्येक वस्तूला क्रमांक असतो आणि खास कपड्यांचा क्रमांक 8415 ने सुरू होतो. त्याच लेबलवर कंत्राटाचा क्रमांक असतो आणि त्यातल्या दोन आकड्यांवरून कंत्राटाचं आर्थिक वर्ष कळतं. माझ्या पँटवर 09 आहे. त्या वर्षी अफगाणिस्तानात आणखी हजारो सैनिक पाठवायचं ठरलं होतं. 1941 पासूनच्या बेरी दुरुस्ती नावाच्या कायद्याप्रमाणे लष्करी कपड्याचा धागासुद्धा अमेरिकेतच झालेला असावा लागतो. आणि यातले पुष्कळ कपडे अंध आणि अपंग माणसांना काम देणाऱ्या संस्थांत शिवले जातात. 1938 मध्ये अंधांसाठी आणि 1971 मध्ये इतर अपंगांसाठी तसा कायदा झाला. काटकोनात पडलेली दुहेरी शीवण, पंधरा वर्षांनी एक टाका न उसवलेली, बोटांखाली आली की ती कुणी घातली असेल असं मनात येतं. एका पँटमध्ये इतकी माणसं असतात.

आमच्यापासून गाडीने फार लांब नाही असं फोर्ट मॅकॉय नावाचं लष्करी ठाणं आहे. तिथे सैनिकांना थंडीत राहण्याचं, स्कीवर चालण्याचं, बर्फात तंबू ठोकण्याचं शिक्षण देतात. याच रानासारख्या रानात, याच गारठ्यात. हरणाच्या हंगामात त्या ठाण्याच्या आवारात परवाना काढून सामान्य लोकांनाही शिकार करता येते. 2021 च्या ऑगस्टमध्ये काबूल पडल्यावर याच ठाण्यात बारा हजारांहून जास्त अफगाण माणसं आणून ठेवली होती. ती सपाता आणि पातळ कुडत्यांवर आली होती आणि पुढे विस्कॉन्सिनचा हिवाळा होता. गावागावांतून गरम कपडे गोळा झाले. आमच्या गावात ते गोळा करायला शेजारीच गाडी घेऊन फिरले आणि त्यांनी आपलं कपाट आधी रिकामं केलं. वडिलांची लोकरी पँट त्यात गेली. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "कुणीतरी घालेल. माझ्या कपाटात कुणी घालत नव्हतं."

ही पँट काय करू शकत नाही तेही लिहायला हवं. ती एकटी ऊब देत नाही. आत अंगालगतची पातळ आणि तिच्यावर जाळीदार फ्लीस घालावीच लागते, आणि उणे पंधराच्या खाली मचाणावर बसायचं तर वर सातव्या पायरीची फुगीर पँट हवी. तिला दोन्ही बाजूंनी वरपासून खालपर्यंत चेन असते, म्हणून मचाणावर, सुरक्षेचा पट्टा न सोडता, बूट न काढता चढवता येते. रानात शिरताना ती पिशवीत, बसल्यावर अंगावर. खाली बसायला फोमची चौकोनी घडी घेतेच. थंडी जितकी वाऱ्यातून येते तितकीच बुडाखालच्या लाकडातून येते. पाणी झटकण्याचा गुण धुण्याने कमी होत जातो. तो परत आणायला बाजारात द्रावण मिळतं आणि ड्रायरच्या मंद उष्णतेनेही बराच सावरतो. फॅब्रिक सॉफ्टनर मात्र कधी घालू नये, त्याचा थर कापडावर बसला की पाणी झटकणं संपतं.

यंदा माझा भाचा सांगलीहून मिशिगनच्या उत्तर टोकाला शिकायला आला आहे. वसतिगृहातल्या मित्रांनी त्याला शिकारीला बोलावलं, म्हणून त्याने फोन केला, "मावशी, काय घालू?" परवान्याचं आणि अभ्यासक्रमाचं आधी विचारलं, ते झालं होतं. मग सांगितलं: सरप्लसच्या दुकानात जा, लेबलवर 8415 बघ, दिव्यासमोर धरून बुडाकडची आणि गुडघ्यांची वीण विरली आहे का ते तपास, दोन्ही चेन पूर्ण वरखाली करून बघ, आत फ्लीस मावेल इतकी सैल घे. घरी आणल्यावर दोनदा धू आणि आठवडाभर बाहेर वाळत टाक, कारण गोदामाचा वास आपल्या नाकाला येईनासा झाला तरी हरणाच्या नाकाला येतच राहतो. निघताना थोडी थंडी वाजू दे, चालताना घाम येऊ देऊ नकोस. आणि बसल्यावर थरथर सुरू झाली, तर समोर काहीही असो, रायफल रिकामी कर आणि खाली उतर.